नावं कळायच्या आधी प्रश्न

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुम्हा-आम्हाला मत नसतं. ते असतं खासदारांना आणि आमदारांना. १९७१च्या जनगणनेतली लोकसंख्या धरून महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ ठरलं आहे. नाशिक जिल्ह्यात आमदार १५. म्हणजे २०२२च्या निवडणुकीत आपल्या साऱ्या जिल्ह्यातल्या आमदारांच्या मतांचं मूल्य झालं २,६२५. दोन्ही उमेदवारांना मिळून पडलेल्या मतांचं मूल्य होतं साडेदहा लाखांच्या वर. त्या ढिगात आपला जिल्हा म्हणजे चिमूटभर मीठ. तरीही नावं जाहीर झाली की नाक्यावर, नळावर, बचत गटाच्या बैठकीत आणि घरातल्या पंगतीत असा वाद रंगतो, की जणू उद्या सकाळी आपणच रांगेत उभं राहणार आहोत.

हा वाद फुकाचा म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही. नगरसेवकाच्या किंवा आमदाराच्या निवडणुकीत नळ, रस्ता, रेशनकार्ड, जातभाई, ओळखपाळख आणि २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार असं बरंच काही मधे येतं. बाई मत देताना पक्ष बघते की पाणी बघते, हे सांगणं कठीण असतं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत यातलं काहीच मिळणार नसतं. उरते ती निव्वळ पक्षनिष्ठा. म्हणून आपला तराजू कसा चालतो हे बघायचं असेल, तर ते याच वादात सगळ्यात स्वच्छ दिसतं. इतकी वर्षं हे वाद ऐकून माझं मत असं झालं आहे, की आपण उमेदवार तोलतच नाही. पक्ष आधीच तोलून ठेवलेला असतो. उमेदवाराचे गुण-दोष मागाहून त्या पारड्यात टाकले जातात.

२०२२चंच घ्या. २१ जूनला भारतीय जनता पक्षाने द्रौपदी मुर्मू यांचं नाव जाहीर केलं आणि त्याच दिवशी विरोधी पक्षांनी यशवंत सिन्हा यांचं. आपल्याकडे नेमकं तेव्हाच शिवसेनेत बंड झालं होतं आणि महिना संपता संपता मुख्यमंत्री बदलले. आमच्या सातपूरच्या गटात सगळ्या पक्षांच्या बायका आहेत. ठाकऱ्यांच्या बाजूच्या एक ताई, महिला आघाडीत वीस वर्षं राबलेल्या, बैठकीत म्हणाल्या, "बाई गरिबीतून वर आलीय, खरं आहे. पण दिल्लीत तिला कोण बोलू देणार? सही कर म्हटलं की करायची." १२ जुलैला उद्धव ठाकरे यांनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. पुढच्या बैठकीत त्याच ताई म्हणाल्या, "आदिवासी बाई राष्ट्रपती होतेय, त्यात पक्ष कशाला आणायचा?" समोर बसलेल्या भाजपच्या वहिनींना त्यांना हसायची सोय नव्हती. जूनच्या मध्यापर्यंत त्यांनीही हे नाव ऐकलेलं नव्हतं, आणि आता त्या मुर्मूंचं चरित्र तोंडपाठ सांगत होत्या. या तीन-चार आठवड्यांत उमेदवारात काडीचा फरक पडला नव्हता. बदलला होता तो वरून आलेला निरोप.

पंधरा वर्षांपूर्वी, २००७ साली, प्रतिभा पाटील उभ्या होत्या तेव्हाही हेच चाललं होतं. जळगाव हा आपल्याच नाशिक महसूल विभागातला जिल्हा, त्यामुळे आपल्याकडे तो वाद घरचा होता. मी तेव्हा कॉलेजात होते. मामा काँग्रेसचे, काका जनसंघापासूनचे. मामांचं पालुपद एकच : पहिली महिला राष्ट्रपती. काकांचं उत्तर ठरलेलं : या बाईंचं कर्तृत्व काय? लिहून काढलं असतं तर कर्तृत्वाने पान भरलं असतं. १९६२ साली, वयाच्या २७व्या वर्षी आमदार. १९८५ पर्यंत विधानसभेत, त्यात बरीच वर्षं मंत्रिपद आणि १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेतेपद. पुढे राज्यसभेचं उपसभापतिपद, अमरावतीची खासदारकी, राजस्थानचं राज्यपालपद. हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण मान्य करणं पक्षाच्या विरोधात गेलं असतं. आणि मामांनीही यातलं काही कधी सांगितलं नाही. 'पहिली महिला' एवढं म्हटलं की त्यांचं काम भागत होतं. मग शिवसेनाप्रमुखांनी भाजपशी युती असूनही मराठी म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, आणि काकांच्या सेनेतल्या मित्रांना एका रात्रीत त्यांच्यात गुण दिसू लागले. २१ जुलैला निकाल लागला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि भैरोंसिंह शेखावतांना ३,३१,३०६ मूल्याची मतं मिळाली.

आता शेखावतांकडे पाहू. ते तीनदा राजस्थानचे मुख्यमंत्री झालेले, तेव्हाचे उपराष्ट्रपती. १९८७ साली देवराळा इथे रूपकुंवर सती गेली, की तिला घातलं गेलं, यावरून देश ढवळून निघाला तेव्हा स्वतःच्या रजपूत समाजाचा रोष पत्करून ते सतीच्या विरोधात बोलले. आणि हेच शेखावत मुख्यमंत्री असताना, १९९२ साली, बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली आरोपी त्या आरोपातून सुटले तेव्हाही मुख्यमंत्री तेच होते. त्या लढ्यातूनच १९९७चा विशाखा निकाल आला, ज्याच्या आधारावर आज आपण कारखान्यांत आणि कचेऱ्यांत तक्रार समित्या मागतो. स्त्री-चळवळीच्या दृष्टीने या उमेदवाराच्या नावावर एक मोठी जमेची बाजू होती आणि एक मोठा जाब विचारायचा होता. नाशिकमध्ये त्या वेळी मी जेवढे वाद ऐकले, त्यात देवराळाही आली नाही आणि भंवरीदेवीही आली नाही. काकांना पहिली गोष्ट उपयोगाची होती आणि मामांना दुसरी. पण बायकांशी संबंधित गोष्ट हा निवडणुकीतला मुद्दा असू शकतो, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

'महिला' आणि 'आदिवासी' हे शब्द कोणी कधी वापरले, याचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २००२ साली डाव्या पक्षांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं. आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रमुख, कानपूरमध्ये वर्षानुवर्षं गरिबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर. समोर अब्दुल कलाम होते, त्यांना भाजप आणि काँग्रेस दोघांचाही पाठिंबा. २००७ साली 'पहिली महिला' म्हणून गावभर सांगणाऱ्यांना २००२ साली ती संधी दिसली नव्हती. २००७ साली महिला उमेदवाराला विरोध करणाऱ्या भाजपने २०१२ साली पूर्णो संगमांना पाठिंबा दिला. संगमांचं म्हणणंच होतं की आता आदिवासी राष्ट्रपती व्हावा. काँग्रेसने ते ऐकलं नाही. प्रणव मुखर्जी निवडून आले. २०१७ साली दोन्हीकडून दलित उमेदवार होते, रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार. तेव्हा काँग्रेसवाल्यांना पुन्हा बाई आठवली आणि भाजपवाले बाईबद्दल गप्प राहिले. २०२२ साली भाजपला बाई आणि आदिवासी दोन्ही आठवलं. बाईपण हा गुण आहे की नाही, हे दर पाच वर्षांनी बाई कुणाची आहे यावरून ठरत आलं आहे.

यावर कुणी म्हणेल, राजकारण असंच असतं. असेल. पण बायकांच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि तिथे मला खरी चीड येते. पुरुष उमेदवाराचे दोष काढताना लोक त्याने काय केलं ते विचारतात. बाईचे दोष काढताना तिच्या मागे कोण आहे ते विचारतात. प्रतिभाताईंना आणि मुर्मूंना, दोघींनाही एकच शब्द लावला गेला : रबर स्टॅम्प. लावणारे दोन वेळी दोन वेगळ्या पक्षांचे होते, शब्द मात्र तोच.

आता वस्तुस्थिती पाहा. २००६ साली राजस्थान विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. राज्यपाल होत्या प्रतिभा पाटील. त्यांनी त्यावर सही केली नाही, विधेयक परत पाठवलं. झारखंडमध्ये २०१६ साली छोटानागपूर आणि संथाल परगणा या भागांतल्या जुन्या कूळ कायद्यांत दुरुस्त्या मंजूर झाल्या. आदिवासींच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर सोपा करणाऱ्या त्या दुरुस्त्या होत्या, आणि त्यांच्याविरुद्ध राज्यभर आदिवासी रस्त्यावर उतरले होते. राज्यपाल होत्या द्रौपदी मुर्मू. त्यांनीही २०१७ साली ती विधेयकं परत पाठवली, आणि पुढे सरकारला ती मागे घ्यावी लागली. म्हणजे ज्या दोन बायकांना रबर स्टॅम्प म्हटलं गेलं, त्या दोघींनीही राष्ट्रपती होण्यापूर्वी राज्यपाल म्हणून सही नाकारलेली होती.

या दोन नकारांचं वजन सारखंच आहे असं मी म्हणणार नाही. राजस्थानात सरकार विरोधी पक्षाचं होतं. तिथला नकार प्रतिभाताईंच्या पक्षाला सोयीचा होता. झारखंडमध्ये सरकार मुर्मूंच्या स्वतःच्या पक्षाचं होतं. तिथे सही नाकारायला जास्त धीर लागला असणार. उलट, झारखंडचा धर्मांतरविरोधी कायदा त्याच २०१७ साली, मुर्मू राज्यपाल असतानाच लागू झाला. म्हणजे एकीने जे परत पाठवलं, तसंच दुसरीच्या काळात अमलात आलं. हे आहे खरं तोलणं. यात दोघींच्याही बाजूने बोलता येतं आणि दोघींनाही प्रश्न विचारता येतात. पण समर्थकांनी हे सांगितलं नाही, कारण 'माय', 'ताई', 'गरिबाची लेक' एवढ्यावर त्यांचं भागत होतं. विरोधकांनीही हे सांगितलं नाही, कारण मग रबर स्टॅम्प म्हणता आलं नसतं.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, २०२२च्या निकालानंतर, मी हा जमिनीच्या कायद्याचा किस्सा सांगितला. तोपर्यंत बायका 'आपल्यातली बाई राष्ट्रपती झाली' म्हणून कौतुकाने ऐकत होत्या. हे ऐकल्यावर एक मावशी पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे जमीन वाचवली तिनं?" आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी जाऊ नये यासाठी आपल्या राज्यात जमीन महसूल संहितेची ३६ आणि ३६-अ ही कलमं आहेत, आणि ती असूनही कागद कसे फिरतात हे त्या पाड्याला चांगलं माहीत आहे. त्यानंतर तासभर बोलणं झालं ते सहीवर. सही कोण करतं, कुणाच्या सांगण्यावरून करतं आणि नाही म्हटलं तर काय होतं. महिनाभर चाललेल्या प्रचारातून जे त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, ते या एका गोष्टीने पोचलं.

गुण म्हणून काय सांगितलं जातं, तेही बघायला हवं. मुर्मूंचं नाव जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रायरंगपूरच्या मंदिरात त्या झाडू मारत असल्याची चित्रफीत देशभर फिरली. केवढा साधेपणा, असं आमच्या गटातही बायका एकमेकींना दाखवत होत्या. महापालिकेच्या सफाईकामात जन्म गेलेल्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, "झाडू मारणं हा एवढा मोठा गुण असता, तर आमचं काहीतरी झालं नसतं का?" शिक्षिका, नगरसेविका, दोनदा आमदार, मंत्री, राज्यपाल एवढं सगळं बाजूला ठेवून बाईचा झाडू दाखवायचा, यात तिचा मान नाही. प्रतिभाताईंच्या डोक्यावरचा पदर असाच चघळला गेला. एका बाजूला तो संस्कार, दुसऱ्या बाजूला मागासपणा. जून २००७ मध्ये उदयपूरच्या एका कार्यक्रमात त्या म्हणाल्या, की बायकांना पडद्यात ठेवण्याची चाल मुघल आक्रमणाच्या काळात आली आणि आता ती बंद व्हायला हवी. या वाक्याचा पहिला भाग इतिहासाला धरून नव्हता, असं इतिहासकारांनी लगेच दाखवून दिलं. दुसरा भाग बायकांच्या हिताचा होता. पक्षवाल्यांनी आपापल्या सोयीचा भाग उचलला. आपण मात्र म्हणायला हवं होतं, की ताई, तुमचं दुसरं म्हणणं बरोबर आहे आणि पहिलं चुकीचं आहे.

जळगावच्या प्रतिभा महिला सहकारी बँकेचा प्रश्नही असाच हातचा गेला. बायकांसाठी म्हणून स्थापन झालेली ही बँक. प्रतिभाताई तिच्या संस्थापक. २००३ साली रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. २००७ साली भाजपने हा मुद्दा प्रचारात काढला आणि प्रतिभाताईंच्या बाजूने खुलासा आला, की रोजचा कारभार त्यांच्याकडे नव्हता. बचत गट चालवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांसाठी याहून जवळचा प्रश्न कोणता? बायकांच्या नावाने बँक काढली, ती का बुडाली, ठेवीदार बायकांचं काय झालं, जबाबदारी कुणाची? पण तो विरोधी पक्षाचा प्रश्न ठरला, म्हणून काँग्रेसच्या बायकांनी तो ऐकलाही नाही. आणि भाजपच्या बायकांनी निकाल लागताच तो सोडून दिला. ठेवीदार बाई दोघींच्याही हिशेबात नव्हती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. राष्ट्रपतींना अधिकार तरी किती? मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, मग उमेदवार तोलायचा कशासाठी? अधिकार थोडे आहेत, पण शून्य नाहीत. राज्यघटनेच्या १११व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. २००६ साली कलामांनी लाभाच्या पदांविषयीचं विधेयक परत पाठवलं होतं. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यांना सही करावी लागली, पण देशभर चर्चा झाली. १९९७ साली के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्जही शेवटी राष्ट्रपतींपुढेच येतात. प्रतिभाताईंच्या काळात तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यातल्या काही खटल्यांत लहान मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले होते. आपल्या चळवळीत यावर दोन मतं आहेत. फाशीनेच बाईला न्याय मिळतो असं मानणाऱ्या आहेत आणि फाशीलाच विरोध करणाऱ्याही आहेत. हा आपण मांडून बसण्यासारखा वाद होता. पण २०१२ साली तोही पक्षाच्या वाटेने गेला : एकीकडे 'मवाळपणा', दुसरीकडे 'ममता'.

निवडणुकीनंतर तर आपली तपासणी थांबतेच. खडकीच्या लष्करी जागेवर निवृत्तीनंतरचं घर बांधण्याला माजी सैनिकांनी विरोध केला आणि एप्रिल २०१२ मध्ये प्रतिभाताईंनी ती जागा सोडली. तेव्हा विरोधी पक्षाच्या बायका तावातावाने बोलल्या, बाकीच्या गप्प बसल्या. जुलै २०२३ मध्ये मणिपूरच्या बायकांची विवस्त्र धिंड काढल्याची चित्रफीत बाहेर आली. तेव्हा "राष्ट्रपती बाई आहेत, मग बोलत का नाहीत?" असं विचारणाऱ्या सगळ्या एका बाजूच्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या तरुण डॉक्टरवरच्या बलात्कार आणि खुनानंतर मुर्मूंनी आता पुरे झालं, अशा आशयाचा लेख लिहिला. तेव्हा तो लेख वाचून दाखवणाऱ्या सगळ्या दुसऱ्या बाजूच्या. मणिपूर आणि कोलकाता दोन्हीकडची बाई आपली, असं म्हणणाऱ्या आमच्या बैठकीत तिघी-चौघी निघाल्या.

आणि जे कुणाच्याच पक्षाच्या उपयोगाचं नसतं, ते हवेत विरून जातं. २६ नोव्हेंबर २०२२ला, संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात मुर्मू तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कैद्यांविषयी बोलल्या. जामिनाला पैसे नाहीत, घरचे सोडवायला येत नाहीत, अशी माणसं. नाशिकरोडच्या तुरुंगाबाहेर भेटीसाठी ताटकळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातला शब्द न् शब्द कळेल. पुढच्याच अर्थसंकल्पात अशा कैद्यांच्या दंडासाठी आणि जामिनासाठी मदतीची योजना जाहीर झाली. आपल्या भागात किती बायकांना तिचा लाभ मिळाला, हा प्रश्न घेऊन आपण कचेरीत जायला हवं. तो विचारायला मुर्मूंचे समर्थकही आले नाहीत आणि विरोधकही नाहीत.

मैत्रिणींनो, हे सगळं दिल्लीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. रबर स्टॅम्प हा शब्द वरून खाली येतो. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गावात गेलं की आजही 'सरपंच कोण' विचारल्यावर नवरा पुढे येतो, आणि लोक हसून म्हणतात, बाई सहीपुरती. ज्या सरपंचबाई खरोखर नवऱ्याच्या सांगण्यावरून सही करतात त्यांना हा शब्द टोचत नाही. टोचतो तो जिने ठेकेदाराच्या बिलावर सही नाकारली आहे, तिला. तिचा नकार कुणी मोजत नाही. नाशिक शहरातल्या चार विधानसभा जागांपैकी तीन जागांवर २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली बायका निवडून आल्या. ही लहान गोष्ट नाही. पण त्या तिघींनी विधानसभेत कोणते प्रश्न विचारले, हे आमच्या गटात मी विचारलं तेव्हा त्यांच्या पक्षाच्या बायकांनाही सांगता आलं नाही आणि विरोधी पक्षाच्या बायकांनाही नाही. कोण कुणाच्या गोटात आहे, हे मात्र दोघींनाही पाठ होतं.

पक्ष सोडा, असं मी म्हणत नाही. पक्षात बायका कष्टाने जागा मिळवतात. सतरंज्या उचलण्यापासून उमेदवारीपर्यंतचा रस्ता किती लांब आहे हे मला माहीत आहे. आणि पक्ष नसलेली बाई निःपक्षपातीच असते असंही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की बायका म्हणून आपले प्रश्न आधी ठरावेत आणि उमेदवार नंतर यावा. आज उलटं होतं. नाव येतं, मग पक्षाचा निरोप येतो, आणि मग आपण त्या नावाला शोभतील असे प्रश्न शोधतो.

मुर्मूंची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते आहे. पुढचे उमेदवार अजून ठरलेले नाहीत, म्हणजे प्रश्न ठरवायला हीच योग्य वेळ आहे. आमच्या गटात दोन बैठका घेऊन आम्ही चार प्रश्न लिहिले. लिहिणाऱ्यांत चार पक्षांच्या बायका होत्या. पहिला : या उमेदवाराने आधीच्या पदावर असताना कोणती सही केली आणि कोणती नाकारली, विशेषतः स्वतःच्या पक्षाचं सरकार असताना? दुसरा : स्वतःच्या पक्षाच्या माणसावर बाईने आरोप केला तेव्हा हा उमेदवार काय बोलला, की गप्प बसला? तिसरा : याने किंवा हिने काढलेल्या संस्थांमध्ये काम करणाऱ्यांचं आणि पैसे ठेवणाऱ्यांचं काय झालं? चौथा : तुरुंगातली माणसं, जमीन गेलेली माणसं, दंगलीत उघड्यावर पडलेल्या बायका यांच्यासाठी याने किंवा हिने कधी तोंड उघडलं का? आणि एक अट घातली. कपडे, नवरा, मुलं, साधेपणा, मागे कोण आहे, हे प्रश्न एकतर सगळ्या उमेदवारांना विचारायचे, नाहीतर कुणालाच नाही.

ही अट घालताना सगळ्यात जास्त भांडण झालं, आणि ते होणं बरं होतं. "आमची बाई उभी राहिली आणि या प्रश्नांत नापास झाली तर?" असं एकीने विचारलं. तर नापास झाली असं म्हणायचं, आणि तरीही ती दुसऱ्यापेक्षा बरी वाटली तर तसंही म्हणायचं. पण आधी गुण द्यायचे आणि मग पेपर तपासायचा, हे थांबवायचं.

तुमच्या गावात, वस्तीत, गटात हे चार प्रश्न वाचून दाखवा. एखादा चुकीचा वाटला तर खोडा, राहिलेला असेल तर घाला. मतदान खासदार-आमदार करतील. पण ते मत मागायला आपल्याच दारात येतात, आणि तेव्हा हा कागद त्यांच्या हातात देता येईल. त्यांची नावं-पत्ते आपल्याकडे आहेतच. कागद तेवढा लिहून, सगळ्या पक्षांच्या बायकांच्या सह्या घेऊन, तयार ठेवायचा आहे.